गाडीची दुसरी चाबी, पहिली हातात असतानाच

नवी गाडी घेतली की दोन चाब्या मिळतात. एक रोजच्या वापरात राहते, दुसरी कपाटात जाते. पाच-सात वर्षांत त्यांतली एक हरवते, मोडते किंवा कोणा पाहुण्याच्या घरी राहून जाते. मग पुष्कळ कुटुंबे उरलेल्या एकाच चाबीवर वर्षानुवर्षे गाडी चालवतात, कारण दुसऱ्या चाबीवाचून रोजचे काही अडत नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला तर बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून एकच चाबी मिळते.

अशा प्रत्येक घराला सांगावेसे वाटते ते हे: एक चाबी हातात असताना दुसरी करून घेणे आणि दोन्ही हरवल्यावर नवी करून घेणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी आपण गाडी चालवत शोरूमला जातो आणि त्याच गाडीने परत येतो. दुसऱ्या वेळी गाडी जागची हलत नाही. ती उचलून न्यावी लागते, नाहीतर तंत्रज्ञाला यंत्रासह तिच्यापर्यंत आणावे लागते. वऱ्हाडातल्या आपल्या भागात कंपन्यांची मोठी शोरूम आणि सर्व्हिस सेंटर मुख्यतः अमरावती आणि अकोला या दोन शहरांत आहेत. धारणीत अडकलेली गाडी अमरावतीला आणायची म्हणजे मेळघाटच्या वळणावळणाच्या रस्त्याने जवळजवळ दीडशे किलोमीटरचा प्रवास, तोही टोइंगच्या गाडीवर. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, वरुड इथले अंतर कमी असले तरी अडचण तीच. हे नीट समजून घ्यायचे तर आजच्या चाबीत काय असते ते आधी पाहू.

एका चाबीत तीन वस्तू

आपण जिला एक चाबी म्हणतो तिच्यात तीन स्वतंत्र वस्तू असतात. पहिली म्हणजे धातूचे पाते. ते दाराचे आणि स्टिअरिंगचे कुलूप फिरवते. दुसरी म्हणजे प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेली बारीकशी चिप. इंजिन चालू होऊ द्यायचे की नाही हे तिच्यावर ठरते आणि तिला सेल लागत नाही. तिसरी म्हणजे रिमोटचा छोटा सर्किट बोर्ड. दार दुरून उघडणे आणि बंद करणे एवढेच त्याचे काम, आणि ते सेलवर चालते.

ही विभागणी लक्षात आली की बऱ्याच शंका सुटतात. रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते, कारण इंजिनाचा संबंध चिपशी आहे. उलट पाते हुबेहूब कापले, ते दारात आणि इग्निशनमध्ये सहज फिरले, तरी चिप नसेल तर इंजिन धरत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर चालते आणि बंद पडते, किंवा चालतच नाही. डॅशबोर्डवर गाडी आणि चाबीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो.

अनेक गाड्यांसोबत कंपनी एक रिमोटची आणि एक साधी चाबी देते. साध्या चाबीवर बटणे नसतात, पण आत चिप बहुधा असतेच. म्हणून पार्ट काउंटरवर नुसते ‘डुप्लिकेट चाबी पाहिजे’ म्हणून भागत नाही. रिमोटची हवी की साधी चिपची, हे स्पष्ट सांगावे. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो. केवळ अडीअडचणीसाठी चाबी हवी असेल, तर साधी चिपची चाबीही ते काम चोख करते.

इंजिन चाबीला काय विचारते

या सुरक्षा यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांवर ‘आयकॅट्स’ असा स्टिकर दिसतो, ती हीच यंत्रणा. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे एक कडे असते. चाबी फिरवली की त्या कड्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि चिपला लागणारी वीज त्यातूनच मिळते. चिप जागी झाली की गाडी तिला एक आकडा पाठवते. तो दरवेळी वेगळा असतो. चिप आपल्याजवळच्या गुप्त संकेताने त्या आकड्यावर गणित करून उत्तर परत देते. गाडीनेही तेच गणित केलेले असते. उत्तर जुळले तर इंजिनाच्या संगणकाला परवानगी मिळते. हे सगळे सेकंदाच्या लहानशा अंशात होते, म्हणून आपल्याला जाणवत नाही.

यातला महत्त्वाचा भाग म्हणजे नोंद. कोणत्या चाब्यांवर विश्वास ठेवायचा ते गाडीच्या स्मृतीत लिहिलेले असते. बँकेत सहीचा नमुना आधी नोंदवलेला असावा लागतो, तशी चाबी गाडीत आधी नोंदवलेली असावी लागते. म्हणूनच दुसरी चाबी करायला आपल्या हातातली चाबी नेऊन चालत नाही, गाडीही न्यावी लागते.

या यंत्रणेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ मध्ये कॉर्व्हेट गाडीच्या चाबीत विजेचा एक रोधक बसवला. त्याची १५ वेगवेगळी मूल्ये होती आणि योग्य मूल्य असेल तरच गाडी सुरू होई. चोरांना १५ शक्यता तपासणे फारसे अवघड गेले नाही. पुढे रेडिओ चिप आली. युरोपात १९९० च्या दशकात कारचोऱ्या वाढल्या, तेव्हा जर्मनीतल्या विमा कंपन्यांनी १९९५ पासून इमोबिलायझरचा आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९९८ पासून ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळातल्या चोऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा या यंत्रणेमुळे चोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

ती नसेल तर काय होते ते अमेरिकेत दिसले. तिथे ह्युंदाई आणि किआच्या २०११ ते २०२१ या काळातल्या अनेक साध्या चाबीच्या मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. गाडी कशी पळवायची याचे व्हिडिओ पसरले, मिलवॉकीसारख्या शहरांत पोरांनी गाड्यांमागून गाड्या नेल्या आणि कंपन्यांना २०२३ मध्ये मोठी भरपाई मान्य करावी लागली. दुसऱ्या चाबीसाठी जो खर्च आणि खटाटोप आपल्याला करावा लागतो, तो या संरक्षणाचाच दुसरा भाग आहे.

रिमोटचा बदलता संकेत

रिमोटने दार उघडण्याची सोय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेनॉच्या फ्यूगो या फ्रेंच गाडीत आली. सुरुवातीचे रिमोट दरवेळी तोच संकेत पाठवत. कोणी तो जवळ उभे राहून टिपला की पुन्हा वाजवून दार उघडता येई. यावर बदलत्या संकेताचा उपाय निघाला. बटण दाबले की रिमोटमधला गणक एका आकड्याने पुढे सरकतो आणि त्यातून नवा गुप्त संकेत तयार होतो. गाडीही हिशेब ठेवते आणि वापरून झालेला संकेत पुन्हा स्वीकारत नाही. या प्रकारातली ‘कीलॉक’ ही गाजलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत १९८० च्या दशकात तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली.

लहान मूल रिमोटशी खेळत गाडीपासून दूर बटणे दाबत राहिले, तर रिमोटचा गणक पुढे जातो आणि गाडीचा मागे राहतो. कीलॉकमध्ये पुढचे १६ संकेत गाडी सहज मान्य करते. त्यापलीकडे गेले तर लागोपाठ दोन दाब मिळाल्यावर ती पुन्हा हिशेब जुळवते. म्हणून रिमोट एकाएकी बंद पडला तर लगेच नव्याची ऑर्डर देऊ नये. आधी सेल बदलावा, मग गाडीजवळ उभे राहून दोन-तीनदा बटण दाबावे, मग चाबी इग्निशनमध्ये घालून पाहावी. बऱ्याच गाड्यांचा रिमोट एवढ्यावर सुरळीत होतो.

पुश बटणाच्या गाड्यांत चाबी खिशातच राहते. गाडी कमी वारंवारतेच्या लहरींनी हाक देते, चाबी रेडिओवरून उत्तर देते आणि दार उघडते. अशा स्मार्ट चाबीचा सेल संपला तरी घाबरू नये. तिच्या आत एक छोटे पाते लपवलेले असते, त्याने दार उघडते. मग बहुतेक गाड्यांत चाबी स्टार्ट बटणाला टेकवली किंवा ठरलेल्या खाचेत ठेवली की इंजिन चालू होते. आपल्या गाडीत ती जागा कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत एकदा पाहून ठेवावे. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की खिशातल्या चाबीचा संकेत मध्ये यंत्रे ठेवून लांबवर पोहोचवता येतो आणि गाडी फसते. म्हणून स्मार्ट चाबी रात्री अंगणातल्या गाडीजवळच्या खिडकीत ठेवू नये.

शोरूममध्ये काय होते

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर गाडीचा १७ अंकी-अक्षरी चेसिस क्रमांक देतात. त्यावरून मॉडेल आणि चाबीचा अचूक पार्ट नंबर कळतो. नव्या गाडीच्या चाब्यांसोबत धातूचा किंवा प्लॅस्टिकचा एक छोटा टॅग येतो. त्यावरच्या क्रमांकावरून पाते कापता येते. हा टॅग बहुतेक जण चाबीलाच अडकवून ठेवतात आणि चाबीसोबत तोही हरवतो. तो काढून आरसी बुकाजवळ ठेवावा. त्याचा फोटो मात्र कोणाला पाठवू नये, कारण त्या क्रमांकावरून दुसऱ्यालाही पाते कापून घेता येते.

रिमोटची चाबी शोरूममध्ये तयार ठेवलेली क्वचितच असते. अॅडव्हान्स घेऊन कंपनीकडे ऑर्डर जाते, आणि ती यायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. चिपांच्या जागतिक टंचाईत तर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द टोयोटाने जपानमध्ये दोनऐवजी एकच स्मार्ट चाबी आणि सोबत एक साधी चाबी द्यायला सुरुवात केली होती. अमरावतीत चाबी लवकर मिळत नसेल तर अकोल्याच्या शोरूमला फोन करून पाहावा. अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टापूत ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नोंद झाली, त्यामुळे बडनेरा-मूर्तिजापूर मार्गे ये-जा आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे.

चाबी आली की गाडी आणि घरातल्या सगळ्या चाब्या घेऊन जायचे. सगळ्या, कारण अनेक गाड्यांत नवी नोंद करताना जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या चाब्याच नव्या यादीत येतात. कपाटात ठेवून आलेली चाबी मग इंजिन चालू करत नाही. तंत्रज्ञ स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, कंपनीकडून मिळालेला सुरक्षा कोड टाकतो आणि एकेक चाबी नोंदवतो. एवढ्या कामाला बहुधा तासभरही लागत नाही. निघण्यापूर्वी प्रत्येक चाबीने गाडी चालू करून बघावी, प्रत्येक रिमोटने सगळी दारे लावून उघडून बघावी. जॉब कार्डवर किती चाब्या नोंदल्या ते लिहून घ्यावे.

यादी पुसण्याचा हाच गुण हरवलेल्या चाबीच्या बाबतीत कामी येतो. ती चाबी कोणाला सापडली तरी इंजिन चालू होऊ नये म्हणून तिची नोंद काढून टाकायला स्पष्टपणे सांगावे. तिचे पाते दार मात्र उघडू शकते, म्हणून गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. सेकंडहँड गाडी घेतल्यावर तर हे काम पहिल्याच आठवड्यात करावे. आधीच्या मालकाकडे, त्याच्या ड्रायव्हरकडे किंवा मधल्या एजंटाकडे आणखी चाबी असू शकते. सर्व्हिस सेंटरला विचारले तर पुष्कळ गाड्यांत किती चाब्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर दिसते.

कागद कोणते

शोरूम चाबी देते ती मालकाला. त्यासाठी आरसी, मालकाचे ओळखपत्र आणि अर्ज लागतो. चाबी हरवली असेल तर पोलिस ठाण्यातल्या नोंदीची प्रतही बहुतेक ठिकाणी मागतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी कायद्याने चालते. गाडी वडिलांच्या नावावर असून मुलगा गेला, तर वडिलांचे सहीचे पत्र आणि ओळखपत्र सोबत न्यावे, म्हणजे तालुक्याहून आलेली फेरी वाया जात नाही.

खरी अडचण येते ती नाव न बदललेल्या गाड्यांची. गावोगाव सेकंडहँड गाड्या फिरतात आणि आरसीवर अजून पहिल्याच मालकाचे नाव असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी बदलाची सूचना आरटीओला द्यायची असते. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३० क्रमांकाचे आहेत. एमएच २७ असो की एमएच ३०, आरसीवर आपले नाव नसेल तर शोरूम चाबी द्यायला नकार देऊ शकते, आणि तो नकार योग्यच असतो. तोच नियम उद्या आपल्या गाडीची चाबी परक्याला मिळू देत नाही.

विम्याचाही इथे संबंध येतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्यासोबत मूळ चाब्यांचा जोड मागते. एकच चाबी दिली तर दुसरी कुठे गेली, चाबी गाडीतच राहिली होती का, हे प्रश्न उभे राहतात. ट्रकमध्ये चाबी राहिली असताना झालेल्या चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाव्याच्या ७५ टक्के रक्कम मंजूर केली, म्हणजे निष्काळजीपणामुळे पूर्ण रक्कम गेली नाही, पण चौथा हिस्सा गेला. चाबी हरवल्याची पोलिस नोंद आणि नव्या चाबीचे बिल जपून ठेवले, तर अशा वेळी आपल्या बाजूने पुरावा राहतो. चाबी बदलण्याचा खर्च देणारे जोड संरक्षणही विमा कंपन्या देतात. महागड्या स्मार्ट चाबीच्या गाडीला ते घेण्यासारखे आहे.

बाजारातला चाबीवाला

अमरावती आणि अकोल्याच्या बाजारपेठांत चाब्या बनवणारे कारागीर आहेत आणि त्यांतल्या काहींचे हात खरोखर कसबी आहेत. रिमोटचे कव्हर फुटले, रबरी बटणे झिजली, पाते वाकले, तर त्यांच्याकडे कमी खर्चात काम होते. फक्त कव्हर बदलताना जुन्या कव्हरात चिकटवलेली चिप नव्यात बसवली का, हे आपल्या डोळ्यांनी बघावे. बारीकशी काळी किंवा काचेची चिप जुन्या कव्हरासोबत कचऱ्यात गेली, की चांगली चालणारी गाडी उभी राहते.

काही कारागिरांकडे चिप नोंदवण्याची यंत्रेही आहेत. त्यांना एक प्रश्न विचारावा: तुम्ही चिपची नक्कल करता की गाडीत नवी नोंद करता? नकलेत दोन्ही चिपा गाडीला एकच वाटतात, त्यामुळे उद्या एक हरवली तर तिला वेगळे काढून टाकता येत नाही. नव्या नोंदीत प्रत्येक चाबी स्वतंत्र असते. गाडी वॉरंटीत असेल तर त्यावर काय परिणाम होतो तेही आधी शोरूमला विचारावे.

या कारागिरांना कंपनीचे कोड आणि यंत्रे का मिळत नाहीत, हा प्रश्न न्यायाचा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे खुल्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. चाबीचे कोड मोकळे वाटून टाकावेत असे कोणी म्हणणार नाही. पण अमेरिकेत ओळख तपासून नोंदवलेल्या कुलूप कारागिरांना हे कोड मिळतात आणि प्रत्येक वापराची नोंद राहते. परतवाड्याच्या किंवा अकोटच्या कारागिराला अशी अधिकृत नोंदणी मिळाली, तर चोरी वाढणार नाही आणि शेतकऱ्याची दिवसाची मजुरी, पेट्रोल आणि फेरी वाचेल. तोवर शोरूमने अवाजवी पैसे मागितले किंवा अॅडव्हान्स घेऊन महिनोन्‌महिने टाळले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेत.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि चाबी

एक गोष्ट आपल्या मुलखाची. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले होते. अशा उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे जाऊ शकतो. रिमोटमधला सीआर २०३२ सारखा ३ व्होल्टचा सेल साधारण ६० ते ७० अंशांपर्यंतच वापरासाठी बनवलेला असतो. म्हणून चाबी गाडीत उन्हात ठेवू नये. रिमोट जवळ गेल्यावरच चालू लागला की सेल उतरला असे समजावे. तो बदलायला थोडेच पैसे लागतात. राखीव चाबीतला सेलही वापर नसताना हळूहळू उतरतो, म्हणून दर दिवाळीला ती चाबी काढून एकदा तिच्या रिमोटने दार उघडून आणि गाडी चालू करून बघावी. ती चाबी गाडीतच ठेवणे तर सर्वांत वाईट. चोराला आयती सोय होते आणि विमा कंपनीला आयते कारण मिळते.

दुसऱ्या चाबीचा खर्च साध्या गाडीला काही हजारांत जातो आणि स्मार्ट चाबीला त्याहून बराच वर. तो टाळता येतो असे वाटते, कारण तो आज करावा अशी कोणतीही सक्ती नसते. पण दवाखान्यासाठी मध्यरात्री गाडी काढायची असते, कापूस विकायला बाजार समितीत पोहोचायचे असते, चिखलदऱ्यात पावसात मुलांसह अडकायला होते, त्या वेळी हा खर्च टोइंगसह कितीतरी पटींनी वसूल होतो. शहरापासून जो जितका दूर राहतो, त्याला दुसऱ्या चाबीची गरज तितकी अधिक आहे. म्हणून घरात एकच चाबी उरली असेल तर गाडीच्या पुढच्या सर्व्हिसिंगलाच नव्या चाबीची ऑर्डर द्यावी. सर्व्हिसिंगसाठी शोरूमला जायचे असतेच, त्यामुळे एक फेरीही वाचते.